हात चुकला की माउस?

हॉर्नबी म्हणजे क्राइस्टचर्चच्या नैर्ऋत्येचं उपनगर. गोदामं, कारखाने, मोठी दुकानं आणि मेन साउथ रोडवरची ट्रकची रांग. इथे नोकरीचा अर्ज असो नाहीतर व्हिसाचा, बहुतेक कामं आता ऑनलाइनच सुरू होतात. २०२४ साली सुरू झालेल्या 'मातातिकी' केंद्रात पोहण्याच्या तलावासोबत लायब्ररी आहे आणि तिथे कोणालाही वापरता येतील असे कॉम्प्युटरही आहेत.

अशा कॉम्प्युटरसमोर, किंवा घरच्या टेबलावर, भारतातून आलेले आईबाबा बसले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तुम्हाला जमत नाहीये, द्या इकडे." बाण भलतीकडे पळाला, एका क्लिकमध्ये दोन खिडक्या उघडल्या, की दोष हाताचा. माउसला कोणी विचारतच नाही. पण माउसचा इतिहास पाहिला तर "हात चुकला की यंत्र?" हा प्रश्न त्याच्या जन्मापासून त्याच्या मागे आहे. आणि ज्यांनी तो नीट तपासला, त्यांनी माणसाला दोष सगळ्यात शेवटी दिला.

१९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला. लाकडी ठोकळा, वर एक बटण आणि खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं: एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. पण तो बनवून ते थांबले नाहीत. जॉयस्टिक, पडद्यावर टेकवायचा लाइट पेन, इतकंच काय, टेबलाखाली गुडघ्याने हलवायचा दांडा, या सगळ्यांशी त्यांनी त्याची स्पर्धा लावली. १९६७ साली निकाल छापून आला. सरावलेल्या लोकांच्या हाती माउस सरस ठरला. नवख्यांच्या हाती मात्र वेगात गुडघ्याचा दांडा आणि लाइट पेन त्याच्या पुढे होते! म्हणजे माउस हे जन्मजात सोपं यंत्र कधीच नव्हतं. ते सरावाने सोपं होतं. आपण लहानपणीच सराव केला, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं, एवढंच.

पुढची मोठी चाचणी १९७८ ची. झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी माउस, जॉयस्टिक आणि कीबोर्डवरची बटणं यांची तुलना केली. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला होता: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. माउस हा नियम जवळजवळ तंतोतंत पाळतो, असं या तिघांना दिसलं. म्हणजे चांगला माउस हाताच्या वेगाच्या फारसा आड येत नाही. आता हेच उलटं वाचा. नुसत्या हाताने नेमकं बोट ठेवणारा माणूस पडद्यावर सारखा चुकत असेल, तर हात आणि पडदा यांच्या मध्ये काहीतरी अडतंय. ते शोधायचं असतं.

काय अडतंय, हे मात्र प्रत्येक पिढीच्या माउसमध्ये बदलत गेलं.

१९८३ च्या अ‍ॅपल लिसासोबत गोळ्याचा माउस आला. तो घडवणाऱ्या डीन होवी यांनी नंतर सांगितलेली आठवण अशी: झेरॉक्सचा माउस काहीशे डॉलरचा होता आणि दोन आठवड्यांत बिघडायचा, तर स्टीव्ह जॉब्जना पंधरा डॉलरच्या आसपासचा आणि दोन वर्षं टिकणारा हवा होता. गोळा म्हणजे टेबलावरची धूळ आत ओढणारच. ती थांबवता येत नाही हे ओळखून गोळा बाहेर काढून पुसता येईल अशीच रचना ठेवली गेली. बिघाड होणार हे धरूनच दुरुस्तीची सोय केली होती.

तोच गोळ्याचा माउस महाराष्ट्रात घराघरांत पोचला. २००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले. विद्यार्थी तर होतेच, पण सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायचं, म्हणून चाळिशी-पन्नाशीतले कारकून आणि शिक्षकही रांगेत होते. लाखो लोकांनी आयुष्यातला पहिला माउस तिथे धरला. बाण उभा चालतोय पण आडवा अडकतोय? मग आतल्या दोन रुळांपैकी एकावर मळ बसलाय. माउस उलटा करायचा, खालची चकती फिरवायची, गोळा काढून पुसायचा, रुळावरची काळी पट्टी नखाने खरवडायची. एंगलबार्टच्या दोन चाकांचंच हे तर्कशास्त्र, आणि ते त्या पिढीला तोंडपाठ होतं. आज आपण "जमत नाहीये" म्हणतो, ती हीच माणसं.

मग माउस बंद झाला. म्हणजे उघडायची सोय गेली. प्रकाशावर चालणारे माउस १९८० च्या सुमारासच बनले होते, पण त्यांना खास नक्षीची पाटी लागायची. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला. त्याच्या पोटातला छोटा कॅमेरा टेबलाचे सेकंदाला १५०० फोटो काढायचा आणि लागोपाठचे फोटो ताडून माउस किती सरकला ते ठरवायचा. धूळ साचणारा गोळा गेला, पण नवा दोष आला: फोटोत काही दिसलंच नाही तर? काचेचं किंवा चकचकीत टेबल असलं की बाण थरथरतो नाहीतर उडतो. तपासणी सोपी आहे. माउसखाली साधा कागद ठेवा. मग खालच्या भोकात केस किंवा धागा अडकलाय का ते बघा.

राहिलं बटण. बटणाच्या आत धातूची पातळ पट्टी असते. दाबल्यावर ती टेकते आणि काही मिलिसेकंद थरथरते. ती थरथर माउस मोजत नाही, मुद्दाम सोडून देतो. पट्टी झिजली की थरथर वाढते आणि एक दाब दोन म्हणून मोजला जातो. इथे दोन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात. "एकदाच दाबलं तरी फोल्डर उघडतंय" म्हणजे बटणावर संशय. सावकाश, थांबून थांबून वीसदा एकेक क्लिक करा. एकदाही फोल्डर उघडलं तर बटण झिजलंय असं समजा. "दोनदा दाबलं तरी उघडत नाही" ही मात्र वेगळी गोष्ट. विंडोजमध्ये दोन दाबांना मुळात अर्धा सेकंद मिळतो. बोटं त्यापेक्षा सावकाश असतील तर सेटिंगमध्ये तो वेळ वाढवता येतो. अर्धा सेकंद हा काही निसर्गनियम नाही, कोणीतरी निवडलेला आकडा आहे.

या सगळ्याच्या आधी एक जुनी युक्ती: एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी किंवा यूएसबीची जागा बदला. मग तोच माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. दोष सोबत गेला तर तो माउसचा, मागे राहिला तर कॉम्प्युटरचा. हात बदलून बघायचा तो शेवटी.

हॉर्नबीपासून काही किलोमीटरवर, इलममधल्या कँटरबरी विद्यापीठात, हाच विचार एक पाऊल पुढे गेला. तिथले अँडी कॉकबर्न आणि ग्लासगोचे स्टीफन ब्रूस्टर यांनी २००५ साली छापलेल्या अभ्यासात, लहान लक्ष्यावर बाण आला की आवाज करणं, माउस कंपवणं आणि बाण तिथे जरा 'चिकट' करणं असे उपाय तपासले. चिकटपणाचा चांगलाच फायदा झाला. माणसाला नेम शिकवण्याऐवजी त्यांनी लक्ष्यच थोडं दयाळू केलं.

अशा तपासणीचा व्यवहारातही उपयोग आहे. न्यूझीलंडच्या १९९३ च्या ग्राहक हमी कायद्यानुसार दुकानातून घेतलेली वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे. नाही टिकली तर विकणाऱ्याने दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत असा काहीतरी उपाय द्यायला हवा. पण काउंटरवर "माउस नीट चालत नाही" म्हणणं वेगळं, आणि "दोन कॉम्प्युटरवर पाहिलं, दोन्हीकडे वीस क्लिकमध्ये तीनदा फोल्डर उघडलं" हे सांगणं वेगळं. दुसऱ्या वाक्यावर "तुम्हाला जमत नसेल" असं उत्तर देणं कोणालाही अवघड जातं. पावती मात्र जपून ठेवा.