युनिकोड आणि आयएसओ : वेगळ्या चुली, सामाईक सदस्य

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हाताने लिहिताना मराठी माणूस हा भेद सहज करतो. संगणकाला मात्र तो शिकवावा लागतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा आणि तो जगातील सर्व यंत्रांनी कसा वाचायचा, हे ठरविण्याचे काम दोन संस्था करतात. एक, जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मानक संघटना म्हणजेच आयएसओ. दुसरी, कॅलिफोर्नियातील युनिकोड कन्सॉर्टियम. प्रारंभी या दोघी प्रतिस्पर्धी होत्या. पुढे त्यांचे सहकार्य जुळले, आणि त्यामागील एक महत्त्वाचे कारण म्हणजे दोन्हीकडे बसणारी बरीचशी माणसे तीच होती.

दोन वाटा

१९८०च्या दशकापर्यंत प्रत्येक देशाची, किंबहुना प्रत्येक कंपनीची अक्षरसंकेतांची पद्धत निराळी होती. जगातील सर्व लिपींसाठी एकच संकेतावली असावी, या हेतूने आयएसओच्या एका कार्यगटाने काम हाती घेतले. त्याच सुमारास, १९८७मध्ये, झेरॉक्सचे जो बेकर आणि अॅपलचे ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे विचार सुरू केला. त्यातून 'युनिकोड' ही कल्पना पुढे आली. जानेवारी १९९१मध्ये कन्सॉर्टियमची रीतसर नोंदणी झाली.

दोन्ही योजनांचे उद्दिष्ट एक असले तरी मार्ग भिन्न होते. आयएसओच्या मसुद्यात प्रत्येक अक्षरासाठी चार बाइटपर्यंत जागा योजली होती; चिनी, जपानी आणि कोरियन चित्राक्षरांचे संच वेगवेगळे ठेवले होते. युनिकोडने दोनच बाइट, म्हणजे ६५,५३६ जागा पुरतील असे मानले आणि तिन्ही भाषांतील समान चित्राक्षरांना एकच क्रमांक दिला. संगणक कंपन्यांना आयएसओचा मसुदा अवजड वाटत होता. या कंपन्यांचे तज्ज्ञ अमेरिकेच्या राष्ट्रीय समितीतही काम करीत होते. १९९१मध्ये आयएसओचा मसुदा मतदानात नामंजूर झाला आणि दोन्ही संस्थांनी आपल्या संकेतावली एकत्र करण्याचे ठरविले. १९९३मध्ये आयएसओ १०६४६ हे मानक आणि युनिकोडची १.१ ही आवृत्ती एकाच अक्षरसंचासह प्रसिद्ध झाल्या.

तडजोडीची किंमत

या मीलनासाठी दोघांनाही काही सोडावे लागले. युनिकोडची दोन बाइटांची मर्यादा पुढे टिकली नाही; आयएसओनेही आपला अवाढव्य विस्तार आटोपता घेऊन ११,१४,११२ जागांची सीमा स्वीकारली. लिपींनाही झळ पोहोचली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत असलेली तिबेटी लिपी १.१ आवृत्तीत काढून टाकण्यात आली. ती नव्या रूपात परतली १९९६मध्ये. त्याच वर्षी कोरियन लिपीतील ११,१७२ अक्षरखंडांची नव्याने मांडणी होऊन आधीचे क्रमांक रद्द झाले आणि जुन्या क्रमांकांनी साठविलेला मजकूर निरुपयोगी ठरला. त्यानंतर मात्र नियम कडक झाला. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही आणि अक्षर काढून टाकायचे नाही. म्हणजे आज झालेली चूकही कायमची.

कामाची विभागणी

आयएसओमध्ये देशांना मत असते; भारताची बाजू तेथे भारतीय मानक ब्युरो मांडतो. कन्सॉर्टियममध्ये शुल्क भरणाऱ्या कंपन्या, संस्था व सरकारे मतदान करतात. भारत सरकारचे माहिती तंत्रज्ञान मंत्रालयही २०००नंतरच्या दशकात त्याचे सदस्य होते. अमेरिकेची राष्ट्रीय समिती आणि युनिकोडची तांत्रिक समिती यांच्या बैठका तर अनेक वर्षे संयुक्तपणेच होत असत. आयएसओ अक्षरांचे क्रमांक व नावे निश्चित करते. अक्षरे जोडायची कशी, अकारविल्हे कशी लावायची, हे युनिकोड सांगते. काळानुसार पारडे युनिकोडकडे झुकले आहे. नवी अक्षरे आधी तेथे येतात आणि आयएसओची दुरुस्ती सवडीने त्यांना गाठते. २०२४मधील १६.० आवृत्तीत १,५४,९९८ अक्षरे व चिन्हे होती.

मराठीचा अनुभव

देवनागरीची मांडणी युनिकोडने १९८८च्या 'इस्की' या भारतीय संकेतावलीवरून घेतली. तिच्यात एका मानकात अनेक भारतीय लिपी बसविल्या असल्याने मराठीच्या खास गरजांकडे स्वतंत्र लक्ष पुरविले गेले नव्हते. 'दऱ्या'मधील अर्ध्या र साठी, मुळात द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या नुक्तायुक्त र चा आधार घ्यावा लागला. मराठीतील 'ॲ' तर प्रारंभी नव्हताच. होता तो हिंदी वळणाचा 'ऍ'. मराठी लेखक अ आणि चंद्र एका अदृश्य जोडचिन्हाने सांधून काम भागवीत. एप्रिल २००८मध्ये ५.१ आवृत्तीत 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली. तोपर्यंत साठलेला मजकूर मात्र जुन्याच पद्धतीचा होता. त्यामुळे एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला आढळतो आणि शोध घेताना त्यातील एक निसटून जातो.

मोडीची प्रतीक्षा याहून दीर्घ. पुण्याच्या पेशवे दफ्तरासारख्या संग्रहांत या लिपीतील कागदांचा प्रचंड साठा आहे. अंशुमान पांडे या संशोधकाने तिचा सविस्तर प्रस्ताव दोन्ही संस्थांकडे पाठविला, छाननी झाली आणि जून २०१४मध्ये ७.० आवृत्तीत मोडी दाखल झाली. याउलट रुपयाचे चिन्ह! केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये आलेही. शासनाने मनावर घेतले, तर दोन्ही संस्थांची यंत्रणा किती वेगाने हलते, हे त्यातून दिसले.

या दोन संस्थांत लिपीचे भवितव्य ठरते ते लेखी प्रस्ताव, पुरावे आणि बैठकीतील उपस्थिती यांवर. भाषा बोलणाऱ्यांची संख्या तेथे आपोआप मोजली जात नाही. दिलेला क्रमांक बदलत नसल्याने उशिरा आलेल्या हरकतीचाही उपयोग नसतो. 'ॲ'ला लागलेला विलंब आणि मोडीचा प्रवेश, दोन्ही याचीच साक्ष देतात. ज्यांच्या वतीने कोणी कागदपत्रे घेऊन गेले, त्यांची अक्षरे आज प्रत्येक दूरध्वनीच्या पडद्यावर उमटू शकतात.