ओढलं जाणारं चाक, रेटणारं चाक

सातपुड्याच्या पायथ्याशी, लोधीखेड्याच्या रस्त्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर कापसाची बंडी, पोराची सायकल आणि संत्र्यांची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर एकामागोमाग जाताना दिसतात. चाकं तिघांचीही गोल, पण बंडीच्या चाकाचं काम वेगळं आणि बाकी दोघांच्या चाकाचं वेगळं. बंडीचं चाक ओढलं जातं. बैल जू रेटतात, आस पुढे सरकतो आणि चाक त्याच्यासोबत लोळतं. सायकलच्या मागच्या चाकाला मात्र स्वतः जमीन रेटून गाडी पुढे न्यावी लागते. चाकाच्या कुळातला सगळ्यात मोठा पालट हाच, असं मला वाटतं. तारांची तिरकी गुंफण, चेन, गिअर ही सगळी त्याच्यामागून आलेली मंडळी.

ओढल्या जाणाऱ्या चाकाची वंशावळ फार लांब जाते. 1974 साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, दायमाबादला, एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना कांस्याची चार शिल्पं सापडली. त्यांतल्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत आणि मागे एक माणूस उभा आहे. चाकं भरीव, त्यांना आरे नाहीत. आरे आल्यावर चाक हलकं झालं, पण त्याचबरोबर तुकड्यांचं झालं. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठ्यांचं कडं. इतके सांधे एकत्र धरून ठेवायचे कसे?

ते काम धावेचं. सातपुड्याच्या पायथ्याशी लाकडाला तोटा नव्हता. तिवसाचं, बाभळीचं चाक वाढई जोडायचा, आसाला धावड्यासारखं चिवट लाकूड लागायचं. पुढचं काम लोहाराचं. लोखंडी धाव तो चाकाच्या घेरापेक्षा मुद्दामच थोडी लहान करायचा. जमिनीवर ठेवून, वर गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवायची. दीड मीटर व्यासाच्या चाकाला सुमारे पावणेपाच मीटर लांबीची पट्टी लागते. तापमान पाचशे अंशांनी चढलं की ती जवळपास तीन सेंटीमीटरनं वाढते. तेवढ्या सवडीत चिमट्यांनी उचलून ती चाकावर चढवायची, घण मारून सारखी करायची आणि लाकूड जळायच्या आत पाणी ओतायचं. आवळत जाणाऱ्या धावेखाली एकेक सांधा करकरत मिटतो. सगळं चाक बाहेरून आत दाबून बसवलेलं. ओझं तुंब्याखालच्या आऱ्यांवर खांबावर यावं तसं येतं.

सायकलच्या चाकात हे गणित उलटं आहे. तार दाब सोसत नाही, ताण सोसते. म्हणून सगळ्या तारा आधीच ओढून बसवतात; वजन पडलं की खालच्या तारांचा ताण तेवढा कमी होतो, आणि चाक उभं राहतं. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. मागचं चाक नीट पाहा. एकही तार तुंब्यापासून सरळ रिमकडे जात नाही, सगळ्या तिरक्या आणि एकमेकींना छेदणाऱ्या. चेननं तुंबा फिरवला की तो जोर रिमपर्यंत पोचवायचा असतो. सरळ तारा तिथे नुसत्या वाकड्या होतील, तिरक्या तारा ओढ घेतात. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं 1874 साली ही रचना आणली. चाक ‘आऊट’ झालं की दुकानदार ते फिरवत, एक तार आवळत आणि समोरची सैल करत ‘आऊट काढतो’, तेव्हा तो हाच ताण सारखा वाटत असतो.

रेटा चाकापर्यंत न्यायचा तर दाते हवेत. दात्यांशी या कापूसपट्ट्याची ओळख सायकलच्या कितीतरी आधीची आहे. सरकी काढायच्या जुन्या चरकीत दोन लाटा एकमेकींना चिकटून उलट दिशेनं फिरतात. लाटांच्या टोकांना मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात आणि ते एकमेकांत अडकतात. दांडा एकीला, फिरतात दोघी. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे राहते. एकमेकांत अडकलेले दाते असे उलटे फिरतात. दोन्ही चक्रं एकाच दिशेनं फिरवायची तर मधे चेन लागते. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली मँचेस्टरला भक्कम रोलर चेन बनवली आणि 1885 मध्ये स्टार्लीच्या पुतण्यानं, जॉन केम्प स्टार्लीनं, मागचं चाक चेननं फिरवणारी ‘रोव्हर’ काढली. त्याआधी पायडल थेट पुढच्या चाकाला असायचं. एका फेऱ्यात लांब जायचं तर चाकच प्रचंड करावं लागे, आणि त्यावरून माणूस तोंडावर पडे.

दात्यांनी ती उंची हटवली. पुढे 44 आणि मागे 18 दाते धरा. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. 28 इंची चाक असेल तर सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. पण अंतर जितकं वाढतं, तितका जोर पायाला जास्त लागतो. छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीच्या घाटात ट्रक खालच्या गिअरवर येतो, तेव्हा हाच सौदा उलटा होतो. इंजिनचे पुष्कळ फेरे, चाकाचे थोडे, आणि जोर कित्येक पट.

वळणावर आणखी एक अडचण येते, आणि ती फक्त रेटणाऱ्या चाकांची आहे. बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. बंडीची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात, त्यामुळे बैल वळले की चाकं आपापलं पाहून घेतात. इंजिननं दोन्ही चाकं एकदम फिरवायची म्हटलं तर एक चाक घसटतच जाणार. यावर पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यानं 1827 साली डिफरन्शिअल काढलं. जेम्स स्टार्लीनं 1877 मध्ये ते तीनचाकीत बसवलं. जोर दोन्ही चाकांना मिळतो, फेरे मात्र ज्याचे त्याला. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरचं एक चाक रुतून जागीच गरगर फिरायला लागतं, कारण डिफरन्शिअल सगळे फेरे त्या मोकळ्या चाकालाच देऊन टाकतं. मग चालक टाचेनं डिफरन्शिअल लॉकचं पायडल दाबतो. दोन्ही चाकं एकजीव होतात, कोरड्या जागेवरचं चाक जमीन धरतं आणि ट्रॉली हलते. बांधावर आल्यावर वळायच्या आधी पाय काढायचा, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जायला बघतो.