काविळीवर भुईआवळी, प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल: लिव्हरला खरंच फायदा होतो का?

सांगवी : पाऊस पडला की उसाच्या सरीत, बांधाला भुईआवळी उगवते. वीतभर झाड, आवळ्यासारखी बारीक पानं, पानांखाली ओळीनं लागलेली मोहरीहून थोडी मोठी फळं. कावीळ झाली की ती मुळासकट उपटायची आणि वाटून ताकातून द्यायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत.

या झाडाचा अभ्यास मद्रासमध्ये झाला. 1988 साली 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. हिपॅटायटिस बी शरीरात असलेल्या 37 जणांना महिनाभर भुईआवळीची पावडर दिली, त्यातल्या 22 जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली. मोठी बातमी होती. पण पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा तसा गुण आला नाही.

मग गावात एवढी माणसं बरी कशी होतात? खराब पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. पाला घ्या नाहीतर गळ्यात माळ घाला, श्रेय त्यालाच जातं! गरोदर बाईला मात्र हीच कावीळ जिवावर बेतू शकते. तिथं पाल्यावर एक दिवसही घालवू नका.

विषबाधेचं तर वेगळंच आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत भुईआवळी, कुटकी यांच्या अर्कानं लिव्हर कमी बिघडतं असं दिसलंय. पण अशा बऱ्याच प्रयोगांत अर्क विष द्यायच्या आधीपासून चालू असतो. माणूस दवाखान्यात येतो तो विष पोटात गेल्यावर. उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेली तर पहिले एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, नंतर लिव्हर बंद पडतं. बरा दिसतोय म्हणून घरी ठेवू नका. पेस्टची ट्यूब घेऊन लगेच बारामती नाहीतर इंदापूरचं सरकारी रुग्णालय गाठा.

आता गुळवेल. कोरोनात घरोघरी काढा उकळला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले 6 रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही म्हणून. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधून 43 रुग्णांची माहिती आली. घेणाऱ्या लाखोंच्या मानानं हा आकडा लहान आहे, तरी थायरॉईड, संधिवात असे आजार असलेल्यांनी तो मनावर घ्यावा.

कुटकी हिमालयातली, आपल्याकडे होत नाही. ती आरोग्यवर्धिनी वटीत असते. त्या वटीत पारा-गंधकाची कज्जलीही असते, म्हणून वैद्याला विचारल्याशिवाय ती महिनोन्‌महिने घेऊ नये.

आणखी एक. उसात ॲट्राझिन, टू-फोर-डी मारलेलं असेल तर त्या सरीतली भुईआवळी औषधाला आणू नका. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, उलट्या दिसल्या तर बिलीरुबिन, एसजीपीटी तपासून घ्या. झोप उलटीसुलटी झाली, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर रात्र असली तरी निघा. आणि कोणता पाला किती दिवस घेतला, हे डॉक्टरांना न लाजता सांगा.