रथावरचे शस्त्र, पदातीवर

लोंढा जंक्शनवर उतरून बेळगावची गाडी पकडणारे जवान आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्या खानापूर तालुक्यात युद्धाच्या गोष्टी परक्या वाटत नाहीत. त्यांतील नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट कोण विसरेल? १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील सर्व सोबती जर्मन मशीनगनपुढे पडले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबाँबने त्यांनी ती तोफ बंद पाडली. काडतुसे बदलण्यास अवसर नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्यांस लोळविले. ठाणे जिंकले आणि त्याच क्षणी दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी हा बावीस वर्षांचा वीर धारातीर्थी पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

लपून नेम धरण्याची ही विद्या पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत पोसली. जर्मन नेमबाज पोलादी पत्र्याआड बसत. साध्या गोळीने तो पत्रा भेदेना, म्हणून इंग्रजांनी हत्तीच्या शिकारीच्या बंदुका खंदकात आणल्या. पुढे १५ सप्टेंबर १९१६ रोजी रणगाडा रणांगणात उतरला. त्यावर उतारा म्हणून १९१८ साली जर्मनांच्या माउझर कारखान्याने तेरा मिलिमीटरची रणगाडाभेदी बंदूक काढली. वजन सुमारे अठरा किलो, एका वेळी एकच गोळी, आणि धक्का खांदा खिळखिळा करणारा!

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची 'पँझरब्यूक्से ३९' आली. तिची गोळी सेकंदास सुमारे बाराशे मीटर वेगाने सुटे. परंतु रणगाड्यांचे चिलखत जाड होत गेले आणि ती निरुपयोगी ठरली; १९४२ पासून तिच्या नळ्या कापून बाँबफेकी बंदुका करण्यात आल्या. तथापि असल्या शस्त्राचा पल्ला आणि भेदकता कोण टाकून देईल? रशियनांनी आपल्या साडेचौदा मिलिमीटरच्या काही रणगाडाभेदी बंदुकांवर दुर्बिणी चढविल्या. कोरियाच्या युद्धात ब्रोफी नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने तसल्याच रशियन बंदुकीस अमेरिकन नळी व दुर्बीण बसवून दूरचा नेम साधला. बार उडताच धूळ उठे, जाळ दिसे, आणि लपलेल्याचा ठाव लागे. तरी ही कल्पना मेली नाही. आज आपल्या तिरुचिरापल्लीच्या कारखान्यातील 'विध्वंसक' ही त्याच कुळातील होय.

वकिलीचा व्यवसाय असल्यामुळे आम्हांस प्रश्न पडतो : कायदा काय म्हणतो? १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने चारशे ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या वर्ज्य केल्या. १९०७ च्या हेग नियमांनी अनावश्यक यातना देणारी शस्त्रे निषिद्ध ठरविली. भरीव गोळीची केवळ जाडी मात्र कोणी गुन्हा मानली नाही. म्हणजे लोखंडासाठी घडविलेली बंदूक माणसावर रोखणारा, तेवढ्यावरून, दोषी ठरत नाही.

आपल्या भीष्मपर्वात युद्धारंभी ठरले होते की रथ्याने रथ्याशी, गजारूढाने गजारूढाशी, पदातीने पदातीशीच लढावे. अठरा दिवसांत ते नियम मोडले, हे खरे. पण मोडले ते अधर्म म्हणून नोंदले गेले. व्यासांनी कोणाचीही गय केली नाही. आधुनिक कायद्याने नेमके हेच सोडून दिले, असे आमचे मत आहे. शस्त्र निर्दोष ठरले, तरी ते कोणावर उचलले याचा जाब उरतोच. आणि तो जाब न्यायालयात नव्हे, शस्त्र धरणाऱ्याच्या मनात द्यावा लागतो.