सागरी चाचेगिरी व सागरी दहशतवाद (अरबी समुद्र)

खासगी हेतूने एका जहाजावरील लोकांनी खुल्या समुद्रात दुसऱ्या जहाजावर हल्ला करणे, ते लुटणे किंवा त्यावरील माणसांसह ताब्यात घेणे म्हणजे सागरी चाचेगिरी. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा करारातील 101 व्या कलमाची व्याख्या थोडक्यात अशी आहे. हेच कृत्य किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत घडले, तर तो त्या देशाच्या हद्दीतला सशस्त्र दरोडा ठरतो आणि कारवाईचा अधिकार त्या देशाकडेच राहतो. खुल्या समुद्रात मात्र कोणत्याही देशाची युद्धनौका चाच्यांना पकडू शकते. राजकीय हेतूने केलेला हल्ला या व्याख्येत बसत नाही. ऑक्टोबर 1985 मध्ये ‘अकिले लाउरो’ या इटालियन प्रवासी जहाजाचे अपहरण झाले, तेव्हा ही उणीव उघडी पडली आणि 1988 मध्ये रोम येथे सागरी वाहतुकीविरुद्धच्या बेकायदा कृत्यांचा स्वतंत्र करार झाला. त्याला अनुसरून भारताने 2002 मध्ये कायदा केला.

इंग्रजांनी कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हटले, तो आरोप येथे ग्राह्य नाही. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते आणि दस्तक म्हणजे परवाना न घेता जाणारी जहाजे राज्याच्या अधिकाराने पकडत; पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ परवान्यांच्या जोरावर त्यांच्याआधी तेच केले होते. खरा चाचा पाहायचा तर 1695 मध्ये मक्केहून सुरतेला परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे मुघल जहाज लुटणारा हेन्री एव्हरी. तो इंग्रज होता आणि त्याच्या कृत्याचा जाब औरंगजेबाने सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना विचारला.

आधुनिक काळात भारताने हाताळलेले पहिले मोठे प्रकरण ‘अलोन्द्रा रेनबो’चे. हे जपानी मालकीचे जहाज ऑक्टोबर 1999 मध्ये सुमारे 7,000 टन ॲल्युमिनियम घेऊन सुमात्राहून जपानकडे निघाले आणि बंदर सोडल्यावर लगेच चाच्यांच्या हाती पडले. त्यांनी 17 खलाशांना जीवरक्षक तराफ्यावर सोडून दिले. अनेक दिवस भरकटल्यावर थायलंडच्या एका मासेमारी बोटीने त्यांना वाचवले. इकडे चाच्यांनी जहाजावर ‘मेगा रामा’ असे नवे नाव रंगवले. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने वर्णन कळवल्यावर तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने ते अरबी समुद्रात गाठले. इशाऱ्यांना दाद न देता ते पळत राहिले. नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली, गोळीबार झाला, तेव्हा चाच्यांनी जहाज बुडवून पुरावाच नष्ट करण्याचा प्रयत्न केला. नौदलाने जहाज तरते ठेवले आणि 15 इंडोनेशियन आरोपींसह मुंबईला आणले.

पुढचे काम जास्त अवघड निघाले. गुन्हा परदेशाजवळच्या समुद्रातला, जहाज परदेशी, आरोपी व खलाशीही परदेशी, आणि भारतात चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच नव्हता. मुंबईच्या सत्र न्यायालयाने 2003 मध्ये आरोपींना शिक्षा दिली. 2005 मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. समुद्रात कमावलेले कोर्टात गमावण्याची ही वेळ कायद्यातील पोकळीमुळे आली, आणि ती भरायला आणखी सतरा वर्षे लागली.

सोमालियात 1991 मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली. पुढे तेथील किनाऱ्यावर राखण करणारे कोणीच उरले नाही आणि 2008 पर्यंत खंडणीसाठी जहाजे धरणे हा धंदा झाला. त्या वर्षी सुरक्षा परिषदेने सोमालियाच्या प्रादेशिक समुद्रातही परदेशी नौदलांना कारवाईची मुभा दिली. ऑक्टोबरपासून भारतीय नौदल एडनच्या आखातात गस्त घालू लागले, डिसेंबरमध्ये युरोपीय संघाची ‘अटलांटा’ मोहीम सुरू झाली. आखातातली गस्त वाढताच चाचे पूर्वेकडे, थेट लक्षद्वीपपर्यंत सरकले. त्यांची युक्ती साधी होती. मासेमारीची मोठी बोट पकडायची, तिच्या खलाशांना ओलीस ठेवायचे आणि तिलाच तळ करून मागे बांधलेल्या वेगवान होड्यांतून मालवाहू जहाजांवर तुटून पडायचे. ‘प्रांतालय’ ही थाई बोट अशीच वापरली जात होती. जानेवारी 2011 मध्ये भारतीय नौकांनी तिला गाठले. त्या काही महिन्यांत पकडलेले शंभरावर सोमाली चाचे मुंबईत आणले गेले आणि त्यांचे खटले 2017 पर्यंत चालले.

धास्तावलेल्या व्यापारी जहाजांनी सशस्त्र रक्षक नेमले, विमा कंपन्यांनी धोक्याचे क्षेत्र 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत म्हणजे भारतीय किनाऱ्यालगत धरले. त्याची झळ मच्छीमारांना बसली. फेब्रुवारी 2012 मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी ‘सेंट ॲन्टनी’ बोटीला चाच्यांची बोट समजून गोळीबार केला आणि दोन मच्छीमार मेले. दहा कोटी रुपयांची भरपाई मिळून 2021 मध्ये भारतातील खटला बंद झाला. धोक्याची ती हद्द 2015 अखेर 65 अंशांपर्यंत मागे गेली, तीही भारताने सतत पाठपुरावा केल्यावर.

दहशतवाद्यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा वापर दोनदा केला. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडमधील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरवले गेले. 12 मार्चच्या मुंबईतील स्फोटांत 257 माणसे मेली. तस्करीच्या जुन्या वाटा आणि पैसे घेऊन डोळेझाक करणारे पोलीस व सीमाशुल्क अधिकारी यांच्यामुळे हे शक्य झाले, हे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील न्यायालयात सिद्ध झाले. त्यानंतर ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. तरीही नोव्हेंबर 2008 मध्ये कराचीहून निघालेल्या दहा जणांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट धरली, चार खलाशांना मारले, तांडेलाकडून म्हणजे बोटीच्या कप्तानाकडून ती मुंबईजवळ आणवली आणि त्यालाही ठार केले. 26 तारखेच्या संध्याकाळी ते रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमारनगरात उतरले. पाठीवर जड पिशव्या घेतलेली ती अनोळखी पोरे पाहून कोळ्यांनीच त्यांना हटकले होते. या हल्ल्यात 166 जणांचा बळी गेला.

सोमाली चाचे असोत वा कराचीहून आलेली टोळी, दोघांनीही गर्दीत मिसळून जाणारी मासेमारी बोटच निवडली. म्हणून 2009 नंतरच्या सुधारणांचा खरा कस याच बोटींवर लागतो. त्या वर्षी सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आणि प्रादेशिक समुद्राची तटरक्षक दलाकडे आली. किनाऱ्यालगत सागरी पोलीस गस्त घालतात. रडार केंद्रांची साखळी उभी राहिली, बोटींची नोंदणी व रंगसंकेत ठरले, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, 1093 हा मदत क्रमांक सुरू झाला. पण जुलै 2011 मध्ये खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे जहाज ओमानकडून वाहत थेट जुहूला येऊन रुतले, तोपर्यंत ते कोणत्याही यंत्रणेला दिसले नव्हते. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-47 सापडल्या. मस्कतजवळ इंजिन बंद पडल्याने सोडून दिलेली ती नौका होती आणि घातपाताचा संबंध निघाला नाही. पण ती इथवर आली ती निव्वळ समुद्राच्या प्रवाहाने.

चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने डिसेंबर 2022 मध्ये संमत केला. त्यात जन्मठेपेची आणि कोणाचा जीव गेल्यास मृत्युदंडाचीही तरतूद आहे. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने सुमारे 40 तासांच्या कारवाईनंतर ‘रुएन’ हे जहाज सोडवले, 17 खलाशी सुखरूप परतले आणि शरण आलेले 35 चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. 20 मीटरपेक्षा लहान बोटी मात्र जहाजांच्या स्वयंचलित ओळख प्रणालीबाहेर राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. मोबाइलची रेंज संपल्यावरही तांडेलाला या उपकरणाने किनाऱ्याशी संपर्क साधता येतो आणि संकटाचा संदेश पाठवता येतो.