छापील चित्राच्या अभ्यासाकडे : प्रस्तावना

मराठी घरात चित्र शिरले ते कॅलेंडरातून, दिवाळी अंकातून आणि कादंबरीच्या मुखपृष्ठावरून. तरी आपले कलेतिहास प्रदर्शनाच्या दालनापासून सुरू होतात आणि दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराची एखाद्या परिच्छेदात बोळवण करतात. लाखो लोकांनी ज्यांच्या नजरेने शिवाजी महाराज आणि कर्ण पाहिले, त्यांच्यावर हा अन्याय आहे, असे मी मानतो. या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना हे आधीच सांगितलेले बरे.

दलाल मूळचे गोव्याचे. जन्म ३० मे १९१६, मडगाव. त्याच्या दहाच दिवस आधी अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल यांचे पहिले मुखपृष्ठ 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'वर आले होते. पुढे १९६३पर्यंत त्यांनी त्या साप्ताहिकासाठी तीनशेवर मुखपृष्ठे केली. 'हे चित्रकार नव्हेत, नुसते सजावटकार' हा शेरा त्यांनाही ऐकावा लागला. आज स्टॉकब्रिज गावी त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि त्यांच्यावर गंभीर संशोधन होते. दलालांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण घेतले, १९४५मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला, बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'राजा शिवछत्रपती'साठी चित्रे काढली, शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ला चेहरा दिला आणि १९७१च्या जानेवारीत ते गेले. इतक्या कामावर एका माणसाची सगळी उमेदीची वर्षे सहज खर्ची पडतील.

१९४५मध्येच बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली. या योगायोगातून मी काही सिद्ध करणार नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू पेपर मिलकडे जाताना ज्यांनी पाहिला, त्यांना कागद म्हणजे चित्राचा अर्धा देह, हे पटवावे लागत नाही. म्हणून हा अभ्यास बल्लारपुरातून सुरू करायला मला काहीच अडचण दिसत नाही.

भिंग घेऊन जुन्या दिवाळी अंकाचे एक रंगीत पान पाहा. गाल गुलाबी दिसतो, पण तिथे गुलाबी शाई नसते. लाल-पिवळ्या ठिपक्यांची जाळी असते. प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा, आणि कागद तितक्या वेळा यंत्राखालून जायचा. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा सुटले की ओठांचा लाल रंग हनुवटीकडे सरके. कागद खरबरीत असला तर ठिपके पसरत आणि बारकावे बुजून जात. गुळगुळीत आर्ट पेपरवर तेच चित्र उजळे. दलालांच्या कित्येक मुखपृष्ठांवरची मोजकी, ठाम रेषा आणि सपाट रंगांचे पट्टे मला म्हणूनच फार शहाणे वाटतात: छपाई हलकी झाली तरी ते टिकतात. रघुवीर मुळगावकरांचे एअरब्रशचे देव-देवी नेमके उलट. त्यांची मऊ, विरत जाणारी छटा उत्तम छपाईवाचून उभी राहत नाही. तेच मुळगावकर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही करत, ही गोष्ट भाविक आणि वाचक दोघांनीही ध्यानात ठेवावी.

दलाल आणि मुळगावकर या दोघांच्या मागे चित्रकार एम. व्ही. धुरंधर उभे आहेत. १९१४मध्ये किंकेड यांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स'ला त्यांनी चित्रे दिली. जे. जे.मधल्या दीर्घ वास्तव्याची हकीगत 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या पुस्तकात त्यांनी स्वतः लिहून ठेवली. नव्या अभ्यासकाने पहिल्यांदा ते वाचावे; सिद्धांताची पुस्तके मागाहून.

छापील चित्राची मूळ कृती कोणती, हा प्रश्न या क्षेत्रात वारंवार भेटेल. माझे उत्तर असे, की वाचकाच्या हाती पडलेले पान हीच मूळ कृती. स्टुडिओतला फलक हा तिचा खर्डा. हे एकदा मानले की अभ्यासाचे ठिकाण मुंबईपुरते उरत नाही. तालुक्याचे वाचनालय, शाळेचे कपाट, घरातली ट्रंक, सगळीकडे पुरावा सापडू शकतो. लोकांसाठी काढलेल्या चित्राची कदर बल्लारपूर-चंद्रपूर भागात नवी नाही: २०१८मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर स्थानकांनी पहिला क्रमांक मिळवला, तो भिंतींवरच्या वाघ-जंगलाच्या चित्रांच्या बळावर.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. जवळच्या वाचनालयात जा. मुखपृष्ठावरची सही टिपून घ्या. मग पान उलटून मुद्रकाचे नाव, ब्लॉक कुणी केले, साल आणि किंमत उतरवा. कागद बोटांनी चाचपून त्याचा पोतही लिहा. जुने अंक रद्दीत घालण्याचे ठरत असेल, तर आधी ग्रंथपालांशी बोला.