जुनी गाडी, तरुण हात आणि ख्रिस्तसेवा



महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा, आल्ताराचा आणि पूर्वीच्या धर्मगुरूंचा वृत्तान्त यावा ही रीतच आहे. व तो या पुस्तिकेत अन्यत्र आलेलाही आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका निराळ्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. त्यास कारणही तसेच घडले. आपल्या तरुण मंडळाने यंदा अशी इच्छा प्रकट केली की, एखादी निकामी झालेली जुनी मोटारगाडी मिळवावी, ती आपल्याच हातांनी दुरुस्त करावी, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांस व रुग्णांस इस्पितळात आणि रविवारी मिस्सेस नेण्या-आणण्यासाठी ती ठेवावी. यावर काही वडीलधाऱ्या मंडळींनी सरळ प्रश्न केला : पाने आणि ग्रीस यांत कसले आले धर्मकार्य? तरुणांनी जपमाळेस यावे, धर्मशिक्षणास बसावे. गाडीचे काम गाडीवाल्याने करावे.

हा प्रश्न हसून टाकून देण्याजोगा नाही. देवळाचे अंगण हे कारखान्याचे अंगण होऊ नये ही काळजी योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर एकट्या पाद्रीसाहेबांच्या मतावर सोडण्यापेक्षा ख्रिस्तसभेच्या इतिहासास विचारावे हे अधिक बरे.

त्या इतिहासाचा आरंभ पवित्र शास्त्रातच सापडतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या कांदके राणीचा खजिनदार यरुशलेमेहून गझाकडे जाणाऱ्या वाटेने रथातून चालला आहे व यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत आहे. फिलीप धावत जाऊन त्या रथाजवळ पोहोचतो, विनंतीवरून आत चढून बसतो, शास्त्राचा अर्थ उलगडून सांगतो आणि वाटेवरील पाण्यात त्यास स्नानसंस्कार देतो. धर्मोपदेशाचे आसन येथे रथाची बैठक आहे, हे लक्षात घ्यावे. पुढे रोमन विधिग्रंथात वाहनास आशीर्वाद देण्याची जी प्रार्थना आली, तिच्यात याच प्रसंगाची आठवण देवास करून दिली आहे. नव्या गाडीवर तीर्थ शिंपडून घेण्यास आपण मोठ्या हौसेने येतो. परंतु ती प्रार्थना केवळ अपघात टळावा म्हणून नाही, प्रवास करणाऱ्याने सत्कर्माच्या वाटेने चालावे म्हणूनही आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

आता हातांच्या कामाविषयी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात प्रार्थनेच्या वेळा जशा ठरविल्या आहेत तशाच अंगमेहनतीच्याही ठरविल्या आहेत. त्याच नियमावलीच्या एकतिसाव्या प्रकरणात भांडारप्रमुखास अशी आज्ञा आहे की, मठातील सर्व उपकरणे व सामानसुमान त्याने आल्तारावरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावे. विळा, कुदळ, घागर, सारेच. ज्या धर्मात पंधराशे वर्षांपूर्वी कुदळीस एवढा मान मिळाला, त्या धर्मात पान्यास तो का मिळू नये?

तथापि तरुण आणि कारागिरी यांची देवळाच्या छपराखाली खरी गाठ घालून दिली ती संत जॉन बॉस्को यांनी. 1841 साली धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यावर ते इटलीतील तुरीन शहरी राहू लागले. कारखान्यांच्या आशेने खेड्यांतून आलेली पोरकी मुले तेव्हा त्या शहराच्या रस्त्यांवर भटकत होती. त्याच वर्षाच्या 8 डिसेंबरचा प्रसंग त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. मिस्सेची सेवा करता येत नाही म्हणून एका गवंडीकाम करणाऱ्या पोरक्या मुलास देवळाच्या सेवकाने काठीने बडवून सॅक्रिस्टीबाहेर हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्यास परत बोलाविले, हा माझा मित्र आहे असे सांगितले, आणि त्याच दिवशी त्याच्या धर्मशिक्षणास आरंभ केला. वडीलधाऱ्यांनी हा प्रसंग मनात घोळवून पाहावा. काठी उगारणारा सेवकही देवळाच्या पावित्र्याचीच काळजी करीत होता. परंतु त्याच्या काळजीने मुलगा बाहेर गेला, आणि दुसऱ्याच्या मायेने तो आत आला.

ही मुले शहरातील कारागिरांकडे उमेदवारी करीत. मालक मारीत, नको ती कामे सांगत, सणावारी राबवीत. तेव्हा डॉन बॉस्को मालकांशी लेखी करार करू लागले. 1852 च्या अशा एका करारात मालकाने मुलास केवळ शब्दांनी सुधारावे, हात उगारू नये, सणाचे दिवस मोकळे द्यावे व ठराविक वेतन द्यावे अशी कलमे आढळतात. पुढे 1853 साली त्यांनी वाल्दोक्को येथील आपल्या वसतिगृहातच चांभारकाम व शिंपीकाम सुरू केले. 1854 साली पुस्तकबांधणी, 1856 साली सुतारकाम आणि 1862 च्या सुमारास छापखाना व लोहारकाम आले. ही कामे उपदेशाच्या सोबतीने चालली. कारण हातात कसब नसलेला मुलगा उपदेश ऐकूनही उपाशीच राहतो हे त्यांनी पाहिले होते. त्यांचे सालेशियन अनुयायी 1906 साली तंजावरास आणि 1928 साली मुंबईस आले. कुर्ल्याच्या त्यांच्या तंत्रशाळेचे नाव आपल्यापैकी अनेकांस परिचित आहे.

बेल्जियममधील फादर जोसेफ कार्डाइन यांची कथा याच माळेतील आहे. ते श्रमिकाचे पुत्र. सेमिनरीतून सुटीस घरी आले तेव्हा गिरणीत गेलेले शाळासोबती आपणास परके मानू लागले आहेत असे त्यांस आढळले, आणि ते शल्य त्यांच्या अंतःकरणातून कधी निघाले नाही. 1925 साली त्यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी केली. पाहा, पारखा आणि कृती करा, ही तिची त्रिपदी. 1961 साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हीच पद्धत साऱ्या ख्रिस्तसभेपुढे ठेवली. कार्डाइन यांच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी फर्नां तोने हे 1945 साली दाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. अशा चळवळीस पोराटोराची करमणूक म्हणता येत नाही.

येथवर हातांचा इतिहास झाला. आता चाकांचा पाहू. पॉल शुल्टे हे जर्मन धर्मगुरू पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांचे जिवलग मित्र फादर ओटो फुर्मान हे आफ्रिकेत, आज नामिबिया म्हणतात त्या देशातील ओव्हांबो प्रदेशात मिशनकार्य करीत. 1925 साली ते आजारी पडले. वैद्य दूर, वाट लांब, वाहन नाही. औषध जगात होते. ते रोग्यापर्यंत पोहोचले नाही, आणि फादर फुर्मान निवर्तले. या दुःखातून शुल्टे यांनी 1927 साली जर्मनीत मिशनकार्यास वाहने पुरविणारा एक संघ स्थापिला. मीव्हा या लहानशा नावाने तो प्रसिद्ध आहे. मोटार, होडी, विमान, जे मिळेल ते. 1938 साली शुल्टे स्वतः उत्तर ध्रुवाकडील आर्क्टिक बे येथे विमान घेऊन गेले व तेथील आजारी मिशनरीस उचलून रुग्णालयात पोहोचविले. एका मित्राच्या मृत्यूने शिकविलेला धडा दुसऱ्या माणसाच्या प्राणास उपयोगी पडला. 1949 पासून ऑस्ट्रियातही हा संघ काम करीत आहे. तेथे संत क्रिस्तोफर यांच्या सणाच्या सुमारास, सुखरूप पार पडलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे अगदी अल्पसे नाणे द्यावे अशी विनंती मोटारचालकांस केली जाते. त्या थेंबाथेंबातून दूरदेशी गाड्या जातात.

आपल्या मुंबईसही या इतिहासात स्थान आहे. 1964 च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल पवित्र साक्रामेंताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या वापरासाठी अमेरिकेतून भेट आलेली लिंकन मोटार होती. परत जाताना ती त्यांनी मदर तेरेसा यांस दिली. मदरनी त्या गाडीची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीच्या कामी लावला. गाडी गेली, परंतु रोग्यांस आसरा लाभला.

अलीकडचीही दोन उदाहरणे सांगतो. 2013 साली इटलीतील व्हेरोनाकडील एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी आपली 1984 सालची, सुमारे तीन लाख किलोमीटर धावलेली रेनॉल्ट गाडी पोप फ्रान्सिस यांस भेट दिली. श्रमिकांच्या वस्तीत वर्षानुवर्षे फिरलेली ती साधी गाडी पोप महाराजांनी आनंदाने स्वीकारली. दुसरे उदाहरण अधिक हृदयस्पर्शी आहे. 2014 साली बेथलेहेम भेटीत ज्या गाडीतून ते लोकांमध्ये फिरले, ती गझाच्या मुलांसाठी फिरता दवाखाना व्हावी अशी इच्छा त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत कॅरितास जेरुसलेम या संस्थेपाशी व्यक्त केली. 21 एप्रिल 2025 रोजी ते प्रभूच्या घरी गेले. मे महिन्यात या कामाची वार्ता जगास कळली. लस, तपासणीची साधने, टाके घालण्याचे साहित्य, प्राणवायू, हे सारे त्या जुन्या गाडीत बसविण्याची ती योजना. फिलिपाने ज्या गझाच्या वाटेवर रथ गाठला, त्याच गझासाठी दोन हजार वर्षांनी एक गाडी पुन्हा नव्याने सज्ज व्हावी, हा योगायोग मला विचार करावयास लावतो.

या सर्व इतिहासाचे सार असे की, गाडी स्वतः पवित्रही नसते आणि अपवित्रही नसते; ती कोणासाठी आहे आणि ती घडविताना घडविणारा कसा घडतो, यावरून तिचे धर्मकार्य ठरते. म्हणून आमच्या तरुणांस तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली ही की, काम खऱ्या अर्थाने चोख व्हावे. जुन्या गाडीचा मोठा वैरी गंज. तो वरून दिसत नाही, रंगाखाली आणि पत्र्याच्या जोडांत लपून असतो. तो खरवडून काढल्यावाचून वर रंग चढविणे म्हणजे पापनिवेदन न करता नवा सदरा घालून सणास येणे होय. ब्रेकमधील तेल कालांतराने हवेतील ओल शोषून घेते, रबराचे भाग झिजतात, टायर वरून चांगला दिसला तरी वयाने कडक होतो. तेव्हा आधी ब्रेक, मग चाके, मग विजेच्या तारा, आणि रंग सर्वांत शेवटी. जाणत्या कारागिरास गुरू करावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते, तीही घ्यावी, विमाही उतरवावा. रुग्णास बसवावयाच्या गाडीत हयगय करणे हे पाप आहे.

दुसरी ही की, ज्या मुलास काम नाही, जो शाळेतून मागे राहिला, जो देवळाच्या दारापर्यंत येऊन परततो, त्याच्या हाती पहिला पाना द्यावा. मंडळातील हुशार मुलांनीच सारे उरकले, तर गाडी चालू होईल, पण काम अपुरे राहील.

तिसरी ही की, गाडी आपली मानू नये. सहाव्या पॉलनी जशी दिली तशी देण्याची तयारी पहिल्या दिवसापासून असावी. तिच्यावर मंडळाचे नाव मोठ्या अक्षरांत नको.

आणि वडीलधाऱ्यांस एकच विनंती. आपण जपमाळेचा आग्रह सोडू नये; उलट कामास आरंभ करताना मुलांच्या सोबत येऊन तिचा एक दशक म्हणावा. आपल्यापैकी कित्येकांच्या हातांत सुतारकी, गवंडीकाम, यंत्रकाम यांचे आयुष्यभराचे कसब आहे. ते कबरीत नेण्यापेक्षा पोरांच्या हातांत उतरवावे. नाझरेथच्या कारखान्यात संत योसेफांनी प्रभु येशूस नेमके हेच दिले होते.

कृपाळू परमेश्वर आपल्या तरुणांच्या हातांस बळ, वृद्धांच्या मनास विश्वास आणि आजाऱ्यांच्या वाटेस सोबत देवो. आमेन.